सासूबाई म्हणतात, "यातून तर सुटलो आम्ही!"

पत्राचा सारांश: पुण्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, चाळिशीच्या एका मैत्रिणीचं हे पत्र. घरात नवरा, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. सासरचं रत्नागिरी जिल्ह्यातलं जुनं घर आता राहण्याजोगं उरलेलं नाही. येत्या मे महिन्यात सगळे भाऊबंद जमून ते रिकामं करणार आहेत. हिला जुन्या वस्तूंची पहिल्यापासून आवड. फ्लॅटला रंग काढायचाच आहे, तर बैठकीची खोली गावाकडच्या धाटणीची करावी असं तिच्या मनात आहे. पितळी कड्यांचा झोपाळा, फडताळ, तांब्याचा बंब, जातं, कंदील, भिंतीवर सुपं आणि रोवळ्या. गावी जे मिळणार नाही ते जुन्या बाजारातून आणायचं. नवरा म्हणतो, "भंगार घरात नको." पण त्याहून जिव्हारी लागलं ते सासूबाईंचं बोलणं. एरवी सुनेच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या सासूबाई मोबाइलवरचे फोटो बघून म्हणाल्या, "यातून सुटायला आम्हाला अर्धं आयुष्य लागलं, आणि तू ते भिंतीवर टांगणार?" तेव्हापासून घरात हा विषय निघत नाही. मैत्रीण विचारते, "मी त्यांच्याच घराच्या आठवणी जपते आहे ना? मग त्यांना वाईट का वाटावं? मी माझी हौस सोडून द्यायची का?"

नमस्कार,

हौस सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बऱ्याच ठिकाणी मी तुम्हाला थांबायला सांगणार आहे आणि त्यातून गैरसमज व्हायला नको.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: "मी त्यांच्याच घराच्या आठवणी जपते आहे." खरंच त्यांच्या का? तुम्ही लग्न होऊन त्या घरात गेलात ते बहुतेक मे महिन्यात किंवा गणपतीत. घर माणसांनी भरलेलं, माजघर गार, पडवीत आंब्यांच्या अढ्या. सासूबाईंनी ते घर जुलैतल्या पहाटे पाहिलं आहे. ज्या बंबाचं तुम्हाला कौतुक वाटतं, तो आधी विहिरीच्या पाण्याने भरायचा. पावसात दमट झालेली नारळाची सोडणं आणि झावळ्या आतल्या नळीत घालून, फुंकून फुंकून पेटवायच्या. घरातल्या शेवटच्या माणसाची अंघोळ होईपर्यंत जाळ विझू द्यायचा नाही. मग राख काढायची, आणि सणवार आला की तोच बंब चिंच आणि रांगोळी लावून लखलखीत करायचा. त्यांच्या हातांना आठवतं ते हे. तुमच्या फोटोत बंबाच्या तोंडाशी मनीप्लांट आहे.

त्या तुमच्या आवडीला नावं ठेवत नाहीयेत. आपले कष्ट कुणी विचारलेच नाहीत आणि ते थेट शोभेच्या रांगेत जाऊन बसले, याचं त्यांना वाईट वाटलं असावं. हा माझा तर्क आहे. खरं काय ते त्याच सांगू शकतील, आणि म्हणून पहिलं काम त्यांच्याशी बोलण्याचं. रंग कोणता आणि खिळा कुठे, हे सगळं नंतर.

त्यांच्या आठवणी नुसत्या कडूच असतील असंही धरून चालू नका. जात्याचंच बघा. पहाटे दळायला बसणं हे अंगमेहनतीचं काम होतं, पण त्याच जात्यावर बायका मन मोकळं करत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, भावाची वाट पाहणं आहे, सासरचा जाच आहे, विठ्ठलही आहे. त्यातल्या बऱ्याच ओव्या आज इंटरनेटवर म्हणणाऱ्या बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतात. एखाद्या दुपारी सासूबाईंना त्या ऐकवा. त्यांना स्वतःला एखादी आठवली तर लिहून घ्या. आणि "नको, बंद कर ते" म्हणाल्या तर बंद करा. तेही उत्तरच आहे.

त्यांना विचारताना "हे ठेवू का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. "हे कुणी आणलं?", "यात काय करायचात?", "याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत?" असं विचारा. आणि भांडी उलटी करून बघा. आपल्याकडे लग्नामुंजीत आलेल्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती. तांब्याच्या गळ्याखाली, परातीच्या काठावर, डब्याच्या बुडाला टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव, कधी तारीख, कधी "मामांकडून सप्रेम भेट". घासून घासून अर्धं पुसट झालेलं असतं. त्यावरून ओला हात फिरवला आणि भांडं खिडकीशी तिरकं धरलं की अक्षरं लागतात. मुलांना हे काम द्या, ती रमून जातील. या नावांमध्ये एखादं सासूबाईंचं लग्नाआधीचं नाव निघण्याची बरीच शक्यता आहे. तुम्ही त्या सामानाला "सासरचं" म्हणता आहात, पण त्यातलं काही त्यांच्या माहेरून आलेलं असणार. ते त्यांचं स्वतःचं. त्याचं काय करायचं हे फक्त त्यांनी ठरवायचं. वाटणीच्या दिवशी इतर कुणी त्यावर हात ठेवला तर ते बोलून दाखवायला त्यांच्या बाजूने तुम्ही उभ्या राहा.

आता "गावाकडच्या धाटणी"बद्दल. हल्ली फोटोंत दिसते ती खोली मला गावाकडची वाटत नाही. भिंतीवर सुपं, सुपांशेजारी कंदील, कंदिलाखाली बैलगाडीचं चाक, कोपऱ्यात रांजण. कोकणातलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. भिंती जवळजवळ मोकळ्या असत. वर तसबिरी, त्याही पुढे झुकवून लावलेल्या. एक कॅलेंडर, दोन खुंट्या, एक कोनाडा. पाट जेवणाच्या वेळीच मांडले जात, एरवी भिंतीला टेकून उभे. अंथरुणं सकाळी उचलली की खोली पुन्हा रिकामी. प्रत्येक वस्तूला काम होतं आणि काम झालं की तिची ठरलेली जागा होती. त्या घरात गेल्यावर जे शांत वाटतं, ते या मोकळेपणामुळे. तुम्हाला तीच शांतता फ्लॅटमध्ये हवी असेल, तर वस्तू आणण्याआधी काढायला लागा. बैठकीच्या खोलीतलं निम्मं सामान हलवा, भिंतींना चुन्यासारखा मळकट पांढरा द्या, खाली हातभर उंचीचा गेरूच्या रंगाचा पट्टा ओढा, छतावरचा झगझगीत दिवा काढून उबदार उजेडाचे दोन-तीन कमी वॅटचे दिवे कोपऱ्यांत लावा. एवढं करून पंधरा दिवस राहा. मग खोलीला काय हवं आहे ते तुम्हाला कळेल, आणि ते तुमच्या यादीपेक्षा बरंच कमी निघेल असं मला वाटतं.

तरीही यादीतल्या एकेका वस्तूबद्दल माझं मत सांगते.

फडताळ जरूर आणा. तुमच्या यादीतली ही सर्वांत उपयोगी वस्तू आहे. पण आणताक्षणी घरात घेऊ नका. कोकणच्या दमट हवेत वाढलेलं लाकूड पुण्याच्या कोरड्या हवेत आलं की आकसतं, सांधे ढिले होतात, फळ्यांत फटी पडतात. त्याला दोन-तीन महिने स्थिरावू द्या आणि त्यानंतरच सुताराला बोलवा. या काळात ते पार्किंगमध्ये किंवा बाल्कनीत, खाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. कागदावर बारीक पिठासारखा भुसा पडायला लागला आणि लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली, तर आत किडा जिवंत आहे. वाळवी असेल तर मातीच्या नळ्या दिसतील, ठोकल्यावर पोकळ आवाज येईल. अशा वेळी पेस्ट कंट्रोलवाल्याकडून नीट उपाय करून घ्या, कारण ती कीड तुमच्या किचनच्या कपाटांतही शिरेल. लाकूड निरोगी असेल तर जाड चकचकीत पॉलिश चढवू नका. साध्या ओलसर फडक्याने पुसा, वाळू द्या आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेटू शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

फडताळावर जुना ऑइलपेंट असेल तर तो घरात कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगाची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि शिशाची धूळ लहान मुलांना सर्वांत जास्त बाधते. तो रंग शाबूत असेल तर वरून नवा हात मारून बंद करून टाका. पोपडे निघत असतील तर काम बाहेर, पाणी मारून, मुलं घरात नसताना करून घ्या.

झोपाळा हे तुमचं स्वप्न दिसतं, पत्रात त्याचा उल्लेख चारदा आहे. त्याला पुढेमागे मिळून सहा-सात फूट मोकळी जागा लागते. तुमच्या हॉलमध्ये सोफा आणि झोपाळा दोन्ही मावणार नाहीत, एकाला जावं लागेल. माझं मत विचाराल तर सोफा जाऊ द्या. पण कड्या कशात अडकवायच्या हे सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका. हलता भार साध्या टांगलेल्या भारापेक्षा वेगळा असतो. फॉल्स सीलिंगचा तर प्रश्नच नाही. काही नव्या इमारतींच्या स्लॅबमध्ये ताणलेल्या तारा असतात, तिथे भोक पाडणं धोक्याचं आहे. परवानगी मिळाली नाही तर फळीला भक्कम पाय लावून बाक करा आणि कड्या मुलांसाठी जपून ठेवा. त्यांच्या घराला कदाचित बीम असेल.

पितळी आणि तांब्याची भांडी आणायची तर वापरायला आणा. तांदूळ, डाळी, पोहे ठेवायला कडीचे पितळी डबे उत्तम, त्यांना कल्हईही लागत नाही. आमटी, ताक, चिंच, कोकम, लिंबू यांचा संबंध आला की कल्हई हवीच. आंबट पदार्थ उघड्या पितळेला-तांब्याला लागला की तो कळकतो आणि पोटाला बाधतो. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत अजून या कामाची माणसं आहेत. पोचे काढून मिळतात, बूड बदलून मिळतं. चकाकी टिकावी म्हणून भांड्यांवर लॅकर मारून घेऊ नका, मग ती भांडी स्वयंपाकघराच्या कामाची राहत नाहीत. आणि घासणार कोण हे आधी ठरवा. सासूबाई नाहीत, कामाच्या मावशीही नाहीत. तुम्ही आणि तुमचे यजमान दर महिन्याला जेवढं घासू शकाल तेवढंच पितळ घरात यावं. माझ्या अंदाजाने ते पाच-सहा नगांपुढे जात नाही.

बंब. सासूबाईंनी मनापासून हो म्हटलं तर आणा, नाहीतर नको. यावर मी जास्त लिहीत नाही.

जात्याची टीपॉय, पाट्याचं वॉशबेसिन, उखळाची कुंडी, हे मला पटत नाही आणि ते मी लपवत नाही. ज्या वस्तूला आपण पाय लागू दिला नाही, जिला लग्नकार्यात सुपारी बांधून हळकुंडं दळली, तिच्यावर चहाचे कप ठेवायला माझा हात धजणार नाही. तुम्हाला जातं हवं असेल तर छोटं, हाताने फिरेल असं आणा आणि महिन्यातून एकदा मुलांकडून मूठभर नाचणी किंवा मेतकुटाची डाळ दळून घ्या. ते भरडच निघेल. दळताना हाताला काय होतं हे त्यांना कळलं, तर आजीचं ते वाक्यही त्यांना कळेल.

सुपं आणि रोवळ्या जुन्या नकोत. बांबूला भुंगा फार लवकर लागतो आणि मग सगळ्या खोलीत भुकटी. बुरूड आळीत नवी मिळतात, त्यातून आज हे काम करणाऱ्याच्या हाताला चार पैसेही मिळतात. त्यात कांदे-बटाटे ठेवा, फळं ठेवा. भिंतीवर टांगण्यापेक्षा ती तिथे जास्त शोभतील. घोंगडी आणणार असाल तर कसर लागलेली नाही ना ते उन्हात झटकून बघा.

जुन्या बाजाराबद्दल थोडं, कारण असं पत्र लिहिणाऱ्या प्रत्येकीच्या मागे गावचं घर असतंच असं नाही. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, मुंबईत भेंडी बाजाराजवळचा मटण स्ट्रीटवरचा चोर बाजार आहे. जा, पण पहिल्या फेरीत काही घेऊ नका. "अँटिक" म्हणून विकलं जाणारं बरंचसं पितळ कालपरवाचं असतं, रसायन लावून काळं केलेलं. खऱ्या वापरातल्या भांड्याची झीज एकसारखी नसते. जिथे हात लागतो तिथे ते गुळगुळीत, बूड घासलेलं, काठ एका बाजूला पातळ, कुठे जुनी डाक देऊन सांधल्याची खूण, आत कल्हईचे राखाडी डाग. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल तर समजा की तो नुकताच चढवला आहे. घेण्याआधी साध्या भांड्यांच्या दुकानात पितळेचा किलोचा भाव विचारून या, म्हणजे आपण धातूचे किती आणि जुनेपणाचे किती मोजतो आहोत हे लक्षात राहील. देवळातलं कोरीव काम, मूर्ती, जुनी चित्रं कुणी हळू आवाजात दाखवू लागला तर तिथून निघा. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होतो, आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशात नेताच येत नाहीत. अमेरिकेतल्या नणंदेला आजोबांच्या देवघरातली मूर्ती हवी असेल, तर हे तिला आत्ताच सांगून ठेवा. विमानतळावर रडारड नको.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आणि गावी काहीच न उरलेल्यांनी मनाला लावून घेऊ नये. एक चौरंग, एक घोंगडी, दोन पितळी डबे आणि नीट लावलेला उजेड यांत खूप होतं. दुसऱ्या कुणाच्या घरचं, दुसऱ्या कुणाचं नाव कोरलेलं भांडं बाजारातून आणलंत तर ते नाव घासून काढू नका, एवढीच विनंती.

तुम्हाला वाटत असेल की आपण आणलं नाही तर हे सगळं भंगारात जाईल, आणि ते पाप आपल्या माथी. ही भावना मी समजू शकते. पण सगळं वाचवण्याची जबाबदारी एका फ्लॅटवर टाकता येत नाही. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, घराघरांतले अडकित्ते, दिवे, दारं, भांडी जन्मभर जमवली आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं राहिलं. बाजीराव रस्त्यावर ते तुमच्या घरापासून फार लांब नसेल. सासूबाईंना घेऊन एकदा जाऊन या. काचेआडचा अडकित्ता बघून त्या काय बोलतात ते ऐका. गावाकडची जी भांडी, जे हंडे कुणालाच नको असतील, ते गावातल्या शाळेला किंवा देवळाच्या भंडाऱ्याला उपयोगी पडतील का ते विचारा. तिथे निदान ती चुलीवर चढतील.

तुमच्या यजमानांचा "भंगार" हा शब्द मी फार मनावर घेतला नसता. त्यांचं लहानपणाचं घर पडतं आहे. कधीकधी पुरुष अशा वेळी वस्तूंवर चिडतात. त्यांना त्या घरातली एक, फक्त एक वस्तू निवडायला सांगा, आणि ती कितीही मोडकी निघाली तरी तुमच्या सजावटीत बसते की नाही हे न बघता घरात जागा द्या.

वाटणीसाठी मात्र आधीपासून तयारी ठेवा. घरातल्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढून भाऊबंदांच्या ग्रुपवर टाका, कुणाला काय हवं ते लिहायला आठ दिवस द्या, आणि पहिली निवड घरातल्या सर्वांत वयस्कर बाईची असं सुरुवातीलाच ठरवून घ्या. एकाच वस्तूवर दोघांचा जीव असेल तर तुम्ही मागे सरा. जावेशी वितुष्ट येऊन मिळालेलं फडताळ रोज डोळ्यांना बोचेल.

आणि जमलं तर सगळे जमण्याच्या चार दिवस आधी तुम्ही दोघीच गावी जा. टेम्पो, सुतार, मोजमापाची टेप, काही बरोबर नको. त्यांना त्यांच्या घरात एकट्याने फिरू द्या. कुठे थांबतात, काय उघडून बघतात, कशाकडे पाठ फिरवतात ते बघा आणि लगेच काही विचारू नका. टेम्पोत काय चढवायचं याची यादी त्यानंतर, रात्रीच्या जेवणाला बसाल तेव्हा, त्यांच्याकडून लिहून घ्या. तुमच्या दोन वस्तू त्याखाली जोडा.